प्लेटमध्ये पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं का?

पाणकणीस

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'अमुक पाल्याच्या रसाने कॅन्सरच्या पेशी ४८ तासांत नष्ट, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.' खाली तिघाचौघांनी लगेच विचारलं, पाला कुठे मिळेल? त्यातल्या एका काकूंची केमो चालू आहे हे मला माहीत होतं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ११ वर्षं पेशी वाढवण्याचं काम करते. झाडपाल्याच्या अर्कांच्या चाचण्या हा त्यातला मोठा भाग. म्हणून आधी सांगते की हे 'नष्ट' येतं कुठून.

झाड आणलं की पहिलं काम प्रयोगशाळेच्या बाहेरच असतं. पान-फूल-फळासकट फांदी दाबून, वाळवून, कागदावर डकवून वनस्पतिसंग्रहालयात जमा करायची आणि तिचा नंबर घ्यायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. हा नंबर नसला तर पुढे कुणी विचारलं, 'तुमची निर्गुडी निर्गुडीच होती कशावरून?', तर सांगायला काही उरत नाही. बाजारातून पुडी आणून त्यावर अख्खा प्रबंध उभा केलेला मी पाहिला आहे.

मग पाला सावलीत वाळवायचा, भरड करायची, आणि पाण्यात, मेथॅनॉलमध्ये किंवा आणखी कशात तरी भिजवून नाहीतर सॉक्सलेट हे काचेचं उपकरण लावून त्यातलं सत्त्व उतरवायचं. द्रावक रोटावॅप या यंत्रावर उडवला की तळाला काकवीसारखा चिकट, काळपट हिरवा साका राहतो. तो आमचा अर्क. पाण्यात सहसा नीट विरघळत नाही म्हणून डीएमएसओ नावाचा द्रावक वापरतो. डीएमएसओ पेशींना स्वतःच जाचतो, त्यामुळे वेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यात, त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि नुसत्या डीएमएसओच्या वेल्सही वेगळ्या ठेवायच्या.

प्लेट तळहातात मावेल एवढी, तिला ९६ खळगे. एकेका वेलमध्ये पाच-दहा हजार पेशी. रात्रभर त्या तळाला चिकटतात, सकाळी अर्क घालायचा, ४८ तास ३७ अंशांवर ठेवायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते लोकरीच्या तुटक्या धाग्यांसारखे दिसतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. गडद जांभळं म्हणजे पेशी जिवंत, फिकं म्हणजे मेल्या. फॉरवर्डमधलं 'नष्ट' बहुतेक वेळा असल्याच एखाद्या फिक्या वेलमधून आलेलं असतं.

आता मात्रेचा हिशेब करू. समजा निम्म्या पेशी मारायला मिलिलीटरला २०० मायक्रोग्रॅम अर्क लागला. असे आकडे छापून येतात. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. तेवढ्या रक्तात तीच तीव्रता आणायची तर १ ग्रॅम सुका अर्क एकाच वेळी रक्तात फिरत असायला हवा. भरडीच्या दहावा हिस्सा अर्क उतरतो असं धरलं तर १० ग्रॅम सुका पाला, आणि त्यातलं सत्त्व पचनात न मोडता, यकृताचा हात न लागता, सगळंच्या सगळं रक्तात. असं होत नाही. कॅन्सरसाठी अर्क चाळणारे म्हणूनच साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असर दिसला तरच पुढे बघतात.

आणखी एक. रिठ्याचं पाणी घाला, पेशी बघता बघता फुटतात. रिठ्यातलं सॅपोनिन पेशीचं आवरणच फोडतं. कॅन्सरची पेशी असो, मूत्रपिंडाची निरोगी पेशी असो, तांबडी रक्तपेशी असो, सगळ्यांची तीच गत. म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवर कसा वागला हे सांगितलेलं नसेल, तर त्या बातमीवरून मी तरी कुणाला काही खायला सांगणार नाही.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

दवबिंदू

ताई, फार वेळेवर धागा काढलात. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, डायबेटीस आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन महिने रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच पानं चावून खातात. गोळ्या चालू आहेत, पण पानांचं डॉक्टरांना सांगितलेलं नाही. 'अंगणातलं फूल आहे, त्याने काय होणार' असं म्हणतात. सदाफुलीवर चाचण्या झाल्यात का?

पाणकणीस

झाल्यात, आणि त्यांची गोष्ट प्रत्येक सदाफुली खाणाऱ्या घरात माहीत असायला हवी.

१९५२ मध्ये कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना त्यांच्या जमैकातल्या एका रुग्णाकडून पाकिटातून सदाफुलीची २५ पानं आली. तिकडे मधुमेहावर या पानांचा चहा पितात. त्यांनी ती आपल्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. प्रयोगशाळेत उंदरांना अर्क पाजून पाहिला. साखरेवर म्हणावा असा परिणाम नाही. मग तोच अर्क शिरेतून टोचला, तर उंदीर आठवड्याच्या आतच मरू लागले. उघडून पाहिलं तर अंगभर जंतुसंसर्गाचे गळू. म्हणजे अर्काने पांढऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा इतकी खाली आणली होती की साध्या जंतूंशी लढायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

साखरेवर उपयोग नाही म्हणून त्यांनी फाइल बंद केली असती तर कुणी दोष दिला नसता. पण पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच ज्याचा आजार आहे, त्या ल्युकेमियात हे उपयोगी पडेल का, असा विचार त्यांनी केला. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाने तो घटक वेगळा काढला, १९५८ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. तेच व्हिन्ब्लास्टिन. त्याच सुमारास एलाय लिली कंपनीतले लोकही स्वतंत्रपणे सदाफुलीवर काम करत होते, त्यातून पुढे व्हिन्क्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही देतात.

मात्रा बघा. व्हिन्ब्लास्टिन पानांत इतकं कमी असतं की शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघतं. पाच पानांनी बाबांना केमो होतेय असं मी म्हणत नाही. पण पानात एकच द्रव्य नाही, शंभराच्या वर अल्कलॉइड आहेत, आणि अंगणातल्या झाडात कुठलं किती हे कुणी मोजलेलं नाही. शिवाय साखरेच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना सांगायलाच हवं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यापुढे जात नाही.

तिसरी_बेंच

मॅम, मी एमएस्सी मायक्रोला आहे. आमचा प्रोजेक्ट तुळशीच्या तेलावर आहे. स्टॅफ या जंतूवर १४ मिमी झोन (तेलाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) आलाय. गाइड म्हणतात छान आहे, लिहून टाका. मला कळत नाहीये की १४ मिमी चांगलं म्हणजे किती चांगलं?

पाणकणीस

प्रश्न पडला हेच उत्तम लक्षण आहे. झोनचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ जंतू किती मारतो आणि आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, किती पसरतो. तेल आगरमध्ये नीट पसरत नाही, उलट हवेतून उडून झाकणाखाली फिरतं. त्यामुळे तुमचे १४ आणि दुसऱ्याच्या एखाद्या पाण्यातल्या अर्काचे १४ एका मापाने मोजता येत नाहीत. ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ माध्यमात) दुप्पट-दुप्पट पातळ करत जाऊन एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा. तेल मिसळायला जे वापराल (ट्वीन किंवा डीएमएसओ) त्याचा नुसता कंट्रोल ठेवा. शेजारी एक ओळखीचं अँटिबायोटिक ठेवा. अर्काच्या बाबतीत मिलिलीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत असर असेल तरच त्याला दखलपात्र म्हणावं असा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा आग्रह आहे. १० मिलिग्रॅमला जंतू मरत असतील तर ते प्रामाणिकपणे तसंच लिहा. नापास कुणी करणार नाही.

रसशाळा

मी वैद्य आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. पाणकणीस यांचं लिखाण मनापासून आवडलं, पण एक जुनं दुखणं मांडते.

आमच्याकडे द्रव्य वापरण्याच्या पाच मूळ कल्पना आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. ताजा पिळलेला रस, वाटलेला गोळा, उकळून आटवलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेलं, आणि गरम पाण्यात टाकून गाळलेलं. कोणत्या व्याधीला कोणतं, हे ग्रंथकारांनी विचार करून सांगितलं आहे. आणि प्रयोगशाळेत काय होतं? वाळवा, मेथॅनॉलमध्ये उतरवा, पेशींवर ओता. चालला तर 'आयुर्वेद सिद्ध', नाही चालला तर 'आयुर्वेद खोटा'. दोन्ही वेळा तपासली गेली ती वस्तू आम्ही कधी कुणाला दिलेलीच नव्हती! आणि आमचं औषध आधी जठराग्नीतून जातं, तुमच्या प्लेटला जठर नाही.

चीनमधलं उदाहरण मुद्दाम देते. मलेरियावर तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंचा गट छिंगहाओ या झाडावर काम करत होता. निकाल कधी चांगले, कधी वाईट. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथातली ओळ पुन्हा वाचली: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं लिहिलेलंच नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा हे त्यांनी ओळखलं आणि इथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले मलेरियाचे जंतू पूर्ण साफ केले. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे ग्रंथातला 'पिळा' हा शब्द कामाचा होता. आमच्या ग्रंथांतल्या 'हिम' आणि 'क्वाथ' या शब्दांना प्रयोगशाळेत तेवढा मान मिळावा, एवढंच माझं म्हणणं.

पाणकणीस

वैद्यताई, हे मला पूर्ण मान्य आहे आणि आमच्या क्षेत्राची ती खरीच चूक आहे. मेथॅनॉल यासाठी वापरतात की त्यात पुष्कळ द्रव्यं उतरतात आणि ते लवकर उडतं. काढा पाण्यातला, तो आटवायला फ्रीझ ड्रायर लागतो आणि दोन दिवस जातात. सोयीसाठी आपण प्रश्नच बदलतो. जठराचं म्हणाल तर हल्ली आधी कृत्रिम जठररस आणि मग आंत्ररस यांतून काढा नेऊन, उरतं ते पेशींवर घालण्याची पद्धत आहे. करणारे कमी आहेत.

एक गोष्ट मात्र तुमच्यापुढे ठेवते. ग्रंथाने वाट दाखवली, तरी १९१ नंबरचा नमुना चालला हे उंदरांवर पाहिल्यावरच कळलं, आणि माणसांना देण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. सर्पगंधेचंही तसंच. आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्या वापरात होती. पण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन, आकडे मोजून, १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं तेव्हा जगाने ती हातात घेतली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. आणि मोजमाप पुढे चालू राहिलं म्हणूनच मोठ्या मात्रेत मन खचण्याची तक्रारही नोंदली गेली.

रसशाळा

मोजमापाला माझा विरोध कधीच नव्हता. दिलेलं औषध जसं दिलं तसं मोजा, एवढंच.

कातळसडा

आमच्या सह्याद्रीतल्या एका झाडाबद्दल लिहितो. नरक्या. मी आंबोलीच्या बाजूचा. फुलांना घाण वास, म्हणून लहानपणी आम्ही त्याच्या जवळ जायचो नाही. मग एके वर्षी ट्रक यायला लागले. खोडं, मुळं, ढलप्या, पोती भरभरून. गावातल्या पोरांना किलोमागे पैसे मिळायचे, कशासाठी नेतात ते कुणालाच माहीत नव्हतं. मी नंतर शोधून काढलं.

नरक्यात कॅम्टोथेसिन असतं. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात. शोधणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी आपल्या नंदुरबारचे! जन्म १९२५ चा, मुंबई विद्यापीठातून शिकले, अमेरिकेत पीएचडी करून उत्तर कॅरोलायनात रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९६६ मध्ये कॅम्टोथेसिनची रचना, १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना. कॅन्सरची दोन मोठी औषधघराणी, दोन्हींच्या मुळाशी हा नंदुरबारचा माणूस. २०२० मध्ये गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे नाव कधी दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्या नरक्यातही तेच द्रव्य आहे. त्यानंतर नरक्यामागे लोक लागले. शोध लागला हे चांगलंच, पण त्याची किंमत आमच्या डोंगराने मोजली. चाचणीत नाव आलं की झाड संपतं, हेही या धाग्यात असावं म्हणून लिहिलं.

पाणकणीस

फार महत्त्वाचं लिहिलंत. वाणींच्या कामाची पद्धत इथे सांगितलीच पाहिजे, कारण अर्काची चाचणी कशी करावी याचं ते शिक्षणच आहे. त्यांनी अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग पेशींवर आणि ल्युकेमियाच्या उंदरांवर तपासला, जो चालला त्याचे पुन्हा भाग, पुन्हा चाचणी. निष्क्रिय भाग बाजूला, सक्रिय पुढे, असं करत शेवटी एकच द्रव्य हातात. टॅक्सॉल यू नावाच्या झाडाच्या सालीत इतकं कमी आहे की या चाळणीवाचून ते सापडलंच नसतं.

आणि एवढं करूनही कॅम्टोथेसिन आधी आपटलं. ते विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार करून माणसांना दिला. क्षार करताना रेणूतलं जे कडं उघडतं, त्याच कड्यात गुण होता. असर कमी झाला आणि रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबवल्या. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेज-१ या विकरावर काम करतं हे कळलं, मग लोकांनी रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनवली. अमेरिकेत मान्यता १९९६ मध्ये. प्लेटमधल्या मेलेल्या पेशींपासून दवाखान्यातल्या सलाइनपर्यंत तीस वर्षं.

तिसरी_बेंच

मॅम, चाचणीत चुकून खोटा निकालही येत असेल ना? तुमच्या बाबतीत झालंय का कधी?

पाणकणीस

झालंय. नोकरीचं तिसरं वर्ष. हिरड्याचा अर्क होता. रसायन देऊन पेशी मारायच्या आणि हिरडा त्यांना वाचवतो का बघायचं. प्लेट काढली आणि हिरड्याच्या वेल्स नुसत्या जांभळ्या, कंट्रोलपेक्षाही गडद. जितका हिरडा जास्त तितक्या पेशी जास्त जिवंत. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. परिषदेचं पोस्टर छापून झालं, मी घरी पेढे नेले.

मग एका वरिष्ठ मॅडमनी विचारलं, पेशी न घालता नुसता हिरडा आणि एमटीटी ठेवला होता का? ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी थांबून ठेवला. चार तासांनी झाकण उघडलं तर वेलमध्ये एकही पेशी नाही आणि तळ जांभळा. हिरड्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, एमटीटीला स्वतःच जांभळं करत होती. 'वाचलेल्या' पेशी कदाचित सगळ्या मेलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली गोल होऊन तरंगताना दिसल्याही असत्या, पण आकडा चांगला होता म्हणून मी बघितलंच नव्हतं. पोस्टर मागे घेतलं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्लेटची शेवटची रांग बिनपेशींची असते, आणि एमटीटी घालण्याआधी मी वेल्स डोळ्यांनी बघते. रंगीत किंवा टॅनिनवाला अर्क असेल तर पेशी धुऊन घेते, किंवा एसआरबीसारखी दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी सोबत लावते.

हळदीच्या करक्युमिनचंही असंच. ते पिवळं आहे, चमकतं, अनेक प्रथिनांना चिकटतं, पेशींच्या माध्यमात लवकर तुटतं. त्यामुळे पुष्कळ चाचण्यांत ते 'चालतं'. १९९८ मध्ये बंगळुरूला स्वयंसेवकांना नुसतं २ ग्रॅम करक्युमिन दिलं, तर रक्तात सापडेना किंवा सापडलं ते अगदी नाममात्र. स्वयंपाकातली हळद माझ्याही घरी रोज आहे, हे वेगळं सांगायला नको.

सायली_मुलुंड

गुळवेलीबद्दल कुणी बोललं नाही. कोविडमध्ये आमच्या अख्ख्या बिल्डिंगने काढा प्यायला. नंतर यकृताच्या बातम्या आल्या, मग त्या खोट्या आहेत अशाही आल्या. खरं काय?

पाणकणीस

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांची नोंद छापली. गुळवेल घेणाऱ्यांना कावीळ झाली होती. काहींमध्ये आधीपासून सुप्त असलेला स्वप्रतिकार यकृतदाह त्याने चाळवला असावा, असा त्यांचा तर्क होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. मला दोन्ही बाजूंचं गांभीर्य कळतं. मी सुरुवातीला त्या हर्बेरियमच्या नंबराबद्दल एवढं लिहिलं ते याचसाठी. वेलीचा तुकडा जपून ठेवलेला असता तर निम्मा वाद तिथेच मिटला असता.

रसशाळा

सहमत. आणि गुळवेल 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून सरसकट सगळ्यांनी महिनोन् महिने प्यावी, असं माझ्या गुरूंनी मला कधीच शिकवलं नाही. प्रकृती, मात्रा, काळ बघितल्याशिवाय देऊ नये. सायलीताई, अजून घेत असाल तर थांबा आणि एकदा यकृताची तपासणी करून घ्या.

दवबिंदू

बाबांना काल सगळा धागा वाचून दाखवला. जमैकाच्या पाकिटाची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. पानं सोडतो म्हणाले नाहीत, पण आज माझ्यासोबत डॉक्टरांकडे आले आणि स्वतःहून सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, किती पानं, किती दिवस, सगळं लिहून घेतलं. तूर्त पानं बंद करायला सांगितली आहेत. साखर, यकृत आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लिहून दिलंय. रिपोर्ट शुक्रवारी मिळेल.

पाणकणीस

बाबांना माझा नमस्कार सांगा. सीबीसी आला की पांढऱ्या पेशींचा आकडा आधी बघा, आणि इथे नक्की कळवा.